नाइटच्या चिलखताला पोलादाचे रूप: मिनिएचर रंगवू लागणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मध्ययुगीन युरोपातल्या नाइटचे, म्हणजे चिलखतधारी योद्ध्याचे, मिनिएचर (रंगवायचा छोटा पुतळा) प्रथमच हाती आले की चिलखत हा सर्वांत सोपा भाग वाटतो. रुपेरी रंगाची बाटली उघडायची आणि सगळे झाकून टाकायचे, एवढेच काम दिसते. तसे केलेला पुतळा मात्र वर्ख लावलेल्या काजूकतलीसारखा दिसतो आणि नेमके कुठे चुकले हे नवख्याला कळत नाही. पोलादाचा खरेपणा रुपेरीपेक्षा काळ्यात अधिक असतो, आणि खालची कृती याच एका गोष्टीभोवती रचलेली आहे.

हा लेख वडोदऱ्यात राहून, इथल्या हवेत आणि इथल्या बाजारात मिळणाऱ्या सामानावर हे काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. कृती ५४ मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण १:३२ प्रमाणाच्या पुतळ्यासाठी आहे. २८ मिलिमीटरच्या पुतळ्यासाठी काय बदलायचे, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

आधी सामान जमवा

रंगांमध्ये ॲक्रिलिक धातुरंगाच्या तीन छटा लागतात: गडद पोलादी, मध्यम पोलादी आणि उजळ रुपेरी. वॅलेहो, सिटाडेल यांसारख्या ब्रँडचे हे रंग ऑनलाइन मागवावे लागतात आणि या एका बाबतीत काटकसर करू नये. लोखंडी ग्रिलला लावतात तो ॲल्युमिनियम पेंट किंवा मूर्तिकामासाठी मिळणारी रुपेरी पूड वापरण्याचा मोह होईल, परंतु त्यांतले धातूचे कण एवढ्या लहान पुतळ्यासाठी फार जाड असतात आणि गुडघ्याच्या वाटीवर ते वाळूसारखे उठून दिसतात.

याशिवाय पितळी रंगाची एक बाटली, काळा प्रायमर (रंगाआधी द्यायचा पायाचा थर), ग्लॉस (चकचकीत), सॅटिन (मंद चमकीचे) व मॅट (बिनचमकीचे) अशी तीन वार्निशे, आयव्हरी ब्लॅक आणि बर्न्ट अंबर या तैलरंगांच्या दोन लहान ट्यूबा, कमी वासाचे टर्पेंटाइन, ६बी पेन्सिल, इयरबड, ४०० आणि ८०० नंबरचे वॉटर पेपर, फेव्हिक्विक, एम-सील आणि धुळीसाठी मास्क एवढे लागते. इथे फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून असल्यामुळे तैलरंग, टर्पेंटाइन आणि बरे ब्रश यांसाठी शहराबाहेर पाहावे लागत नाही.

ब्रश दोन प्रकारचे ठेवा. धातुरंगासाठी साधे सिंथेटिक ब्रश पुरेत, कारण धातूचे कण केसांच्या मुळाशी जाऊन बसतात आणि नैसर्गिक केसांचा महागडा सेबल ब्रश त्यात वाया जातो. पाण्याची वाटीही वेगळी ठेवा. धातुरंगाचा ब्रश ज्या पाण्यात धुतला त्याच पाण्याने पुढे झग्याचा लाल रंग पातळ केला, तर त्या कापडावर जी चमचम उतरते ती नंतर काढता येत नाही.

१. नाइट कोणत्या काळातला आहे ते ठरवा

या पायरीला ब्रश लागत नाही म्हणून ती टाळली जाते आणि मग तेराव्या शतकातल्या योद्ध्याच्या अंगावर पंधराव्या शतकाची झिलई चढते. तेराव्या शतकातला नाइट मुख्यतः कड्यांच्या चिलखतात असे, त्यावर कापडी झगा आणि डोक्यावर डब्यासारखे बंद शिरस्त्राण. १३४६ च्या क्रेसीच्या लढाईच्या सुमारास हातापायांवर पत्रे आलेले दिसतात, पण गळा आणि काखा अजून कड्यांनीच झाकलेल्या असतात. १४१५ च्या अजिनकूरच्या लढाईपर्यंत डोक्यापासून पायापर्यंत पत्र्यांचे चिलखत रूढ झाले होते. त्यानंतर इटलीतले मिलान आणि दक्षिण जर्मनीतली ऑग्सबर्ग व न्यूरेंबर्ग ही शहरे या कामासाठी नावाजली गेली. मिलानची घडण गोलसर आणि गुळगुळीत होती, तर जर्मन गॉथिक घडणीत पत्र्यांवर पंख्यासारख्या उभ्या पन्हाळी असत.

रंगकामाच्या दृष्टीने यातून दोन निर्णय निघतात. पहिला निर्णय पत्रे किती आणि कड्या किती याचा, कारण दोन्हींची कृती वेगळी आहे. दुसरा निर्णय झिलईचा. धनवान सरदाराचे चिलखत वाळू, व्हिनेगर आणि तेल यांनी घासून चकचकीत राखले जाई व त्यासाठी पदरी माणसे असत. साध्या शिपायाचे चिलखत पुष्कळदा हातोड्याखालून निघाले तसे खरबरीत ठेवून काळे रंगवले जाई, कारण ते स्वस्त पडे आणि गंजही कमी धरी. तुमचा पुतळा या दोघांपैकी कोण आहे, हे आधी कागदावर लिहून ठेवा.

खरे जुने शस्त्रसंभार जवळून पाहायचे असतील तर लक्ष्मी विलास राजवाड्यातल्या शस्त्रागारात जरूर जावे. तिथे युरोपीय नाइटची चिलखते शोधू नका. जुने पोलाद कुठे काळवंडते, मुठीजवळ कसे उजळ राहते आणि पात्याच्या कडेवर प्रकाश किती बारीक रेघेत पडतो, हे पाहण्यासाठी जायचे. राजवाड्यात इटालियन शिल्पकार फेलिची यांनी केलेली ब्राँझची शिल्पेही आहेत. पितळी कडा रंगवण्यापूर्वी त्यांच्या खोलगट भागांतला तपकिरी रंग डोळ्यांत साठवून घ्यावा.

२. सफाई आणि जोडणी

साच्याची रेघ चिलखतावर राहिली तर पुढची सर्व मेहनत व्यर्थ जाते, कारण धातुरंग दोष झाकण्याऐवजी ठळक करतो. बारीक कानस आणि मग ४०० व ८०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून वापरा. रेझिनचा पुतळा असेल तर कोरडा घासू नका आणि मास्क लावा. जुन्या धातूच्या पुतळ्यांत शिसे असू शकते, तेव्हा काम करताना खाणेपिणे टाळा आणि नंतर हात साबणाने धुवा. सांधे फेव्हिक्विकने जोडा आणि फटी एम-सीलने भरा. ते ओल्या बोटाने गुळगुळीत करता येते. शेवटी पुतळा कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुऊन वाळवा आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर चिकटवा, म्हणजे पुढे रंगवताना चिलखताला बोट लागणार नाही.

३. प्रायमर, आणि वडोदऱ्याची हवा

प्रायमर काळाच हवा. पांढऱ्या किंवा करड्या प्रायमरवर धातुरंग लावला की जिथे थर पातळ पडतो तिथून खालचा उजळ रंग डोकावतो आणि पोलाद पत्र्याच्या डब्यासारखे उथळ दिसते. काळ्यावर तोच थर पातळ पडला तरी तो सावली म्हणून खपून जातो.

स्प्रेचा डबा वापरणार असाल तर ऋतू पाहा. जुलै ते सप्टेंबर या काळात हवेत दमटपणा एवढा असतो की प्रायमर वाळताना त्यावर पांढुरकी झाक येते. त्या महिन्यांत पाऊस उघडलेली कोरडी दुपार गाठावी, नाहीतर ब्रशने लावायचा प्रायमर घ्यावा. मे महिन्यात नेमके उलटे घडते: बेचाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात स्प्रेचे थेंब पुतळ्यावर पोहोचण्याआधीच वाळतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो, म्हणून तेव्हा सकाळी लवकर काम उरकावे. थंडीचे दिवस सर्वांत उत्तम, फक्त उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आसपास गच्चीची आशा धरू नये. स्प्रे नेहमी उघड्या जागी, मास्क लावून, वीत-दीड वीत अंतरावरून आणि दोन-तीन हलक्या फेऱ्यांत मारावा.

ज्यांना आरशासारखी झिलई हवी आहे त्यांनी प्रायमर पूर्ण वाळल्यावर पत्र्यांवर काळ्या ग्लॉसचा एक पातळ थर द्यावा. धातुरंगाचे कण खालच्या पृष्ठभागाप्रमाणे बसतात, त्यामुळे गुळगुळीत पायावर ते सपाट पडतात आणि अधिक चमकतात. शिपायाच्या खरबरीत चिलखताला याची गरज नाही.

४. पोलादाचा पहिला थर

बाटली चांगली हलवा, कारण कण तळाशी बसलेले असतात. गडद पोलादी छटा थोड्या पाण्याने किंवा कंपनीच्याच माध्यमाने (रंग पातळ करण्याच्या द्रवाने) पातळ करा, मात्र ओल्या पॅलेटवर (रंग ओला राहावा म्हणून खाली ओला कागद घातलेल्या पॅलेटवर) घेऊ नका. तिथे कण आणि बाकीचा रंग वेगळे होतात. साधी चिनी मातीची बशी चांगली.

एका जाड थराऐवजी दोन किंवा तीन पातळ थर द्यावेत आणि ब्रश नेहमी त्या अवयवाच्या लांबीच्या दिशेने ओढावा: मांडीवर वरून खाली, शिरस्त्राणावर शेंड्यापासून कडेकडे. धातुरंगात ब्रशच्या खुणा राहतात, त्या या दिशेने असल्या तर घडणीचा भाग वाटतात. पत्र्यांमधल्या सांध्यांत रंग जाऊ देऊ नका, तिथला काळा प्रायमर तसाच राहू द्या. पंख्याखाली बसून हे काम करू नये. रंग ब्रशवरच वाळतो आणि खोलीतली धूळ ओल्या थरावर येऊन बसते.

५. सांधे आणि रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) यांतला काळेपणा

धातुरंग पूर्ण वाळल्यावर सर्व चिलखतावर ग्लॉस वार्निशचा पातळ थर द्या आणि एक दिवस थांबा. हे वार्निश दोन कामे करते: खालच्या ॲक्रिलिकला टर्पेंटाइनपासून वाचवते आणि पातळ केलेल्या तैलरंगाला खाचेतून सहज वाहू देते.

आता आयव्हरी ब्लॅक आणि बर्न्ट अंबर सारख्या प्रमाणात घेऊन टर्पेंटाइनमध्ये मिसळा, दुधाहून पातळ होईल इतके. नुसता काळा घेतला तर छटा मृत वाटते आणि तो वाळायलाही फार वेळ घेतो. अंबर लवकर वाळतो, त्यामुळे मिश्रणही लवकर वाळते. बारीक ब्रशचे टोक सांध्याला नुसते टेकवा, रंग स्वतःच खाचेच्या कडेने धावत जाईल. प्रत्येक रिव्हेटच्या तळाशी असाच एक ठिपका द्या. अर्ध्या-पाऊण तासाने टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओलसर केलेला इयरबड वरून खाली ओढून पत्र्याच्या सपाट भागावरचा जादा रंग पुसून घ्या. खाचेतला राहू द्यायचा. पावसाळ्यात हे वाळायला अनेक दिवस लागू शकतात आणि त्याला उपाय थांबण्याचाच आहे.

ॲक्रिलिकचे तयार काळे वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) वापरणाऱ्यांसाठी सूचना: ते संपूर्ण पुतळ्यावर ओतल्यासारखे लावू नका. छातीच्या पत्र्यासारख्या सपाट जागी त्याचे थारोळे होते आणि वाळल्यावर कडेला चहाच्या डागासारखी रेघ उरते.

६. उजेड कुठे पडतो

ब्रश हाती घेण्यापूर्वी स्वयंपाकघरातून एक चकचकीत स्टीलची पळी आणा आणि दिवसा खिडकीजवळ धरून तिच्या फुगीर बाजूकडे पाहा. वरच्या भागात खिडकीचा लहानसा, अत्यंत पांढरा ठिपका दिसेल. त्याच्या भोवती छताचा करडा उजेड असेल. मधोमध, जिथे खोलीच्या भिंती आणि सामान उमटते, तिथे आडवा गडद पट्टा असेल, आणि त्याखाली फरशीचा रंग पुन्हा थोडा उजळ होऊन आलेला असेल. आता पळी हळूहळू वळवा. पांढरा ठिपका फारसा हलत नाही, मात्र दांड्यावर तोच उजेड लांबट रेघ होऊन पडलेला दिसतो. शेजारी पितळेचा तांब्या ठेवलात तर त्याच्या पिवळेपणाची झाक स्टीलवर येते.

चिलखत उघड्या मैदानावर असते, म्हणून छताच्या जागी आकाश आणि फरशीच्या जागी जमीन घ्या. एवढे ध्यानात धरले की नियम आपोआप सापडतात. शिरस्त्राण आणि गुडघ्याची वाटी यांसारख्या गोल जागी उजेडाचा ठिपका लहान आणि वरच्या बाजूला असावा. दंड, मांडी, पोटरी यांवर तो लांबट पट्टा व्हावा. छातीच्या पत्र्याला मधोमध धार असेल तर धारेची एक बाजू उजळ आणि दुसरी एकदम गडद ठेवावी, कारण दोन सपाट बाजू कधीच एकसारखा उजेड परत करत नाहीत. गॉथिक पन्हाळींवर प्रत्येक उंचवट्याला बारीक उजळ रेघ आणि तिच्या लगत काळी रेघ हवी.

कृती अशी: मध्यम पोलादी रंग पातळ करून आकाशाकडे असलेल्या भागांवर द्या. त्याच्या आत, त्याहून लहान जागेत, मध्यम आणि उजळ यांचे मिश्रण द्या. शुद्ध रुपेरी अगदी शेवटी, ठिपके, धारा आणि पत्र्यांच्या वरच्या कडा एवढ्यापुरतीच. माझ्या मते एकूण चिलखताच्या पाचव्या भागाहून अधिक जागेवर सर्वांत उजळ रंग असू नये, आणि निम्म्याहून अधिक जागा गडद पोलादी किंवा त्याहून काळीच राहिली पाहिजे. रंगवताना हे प्रमाण भीतिदायक वाटते. पुतळा हातभर अंतरावर ठेवून पाहिला की मगच निर्णय घ्यावा.

त्यानंतर आकाश आणि जमीन यांचे रंग. निळसर करड्या ॲक्रिलिकचा पाण्याहून किंचित दाट असा थर खांद्यांच्या आणि शिरस्त्राणाच्या वरच्या मध्यम छटांवर द्या. तपकिरी रंगाचा तसाच थर हनुवटीखाली, काखेखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूला द्या. हे थर डोळ्यांना वेगळे दिसता कामा नयेत. पुतळ्याने लाल झगा घातला असेल तर झग्याच्या कडेखालच्या पत्र्यावर लाल रंगाचा अगदी पातळ हात फिरवावा. एवढ्याशा कामाने झगा आणि चिलखत एकाच उजेडात उभे असल्यासारखे वाटू लागतात, आणि नवखे लोक नेमके हेच करत नाहीत.

२८ मिलिमीटरच्या पुतळ्यात मधल्या छटा गाळा आणि गडद-उजळ यांतला फरक वाढवा. ७५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या पुतळ्यात छटांची संख्या वाढवून एका छटेतून दुसरीत जाणारे सांधे मऊ करा.

धातुरंग अजिबात न वापरता केवळ करड्या, निळ्या आणि पांढऱ्या साध्या रंगांनी धातू भासवण्याची एक पद्धत आहे आणि स्पर्धांमधले छायाचित्रांत शोभणारे पुतळे पुष्कळदा त्या पद्धतीचे असतात. ती एकाच बाजूने पाहायला उत्तम असते, पण पुतळा हातात घेऊन फिरवला की उजेड जागचा हलत नाही. सुरुवात तिथून करू नये.

७. कड्यांचे चिलखत

खऱ्या चिलखतातली कडी साधारण एक सेंटिमीटर व्यासाची असे आणि प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतवलेली असे. १:३२ प्रमाणात ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास येते, तेव्हा एकेक कडी रंगवण्याचा हट्ट धरू नये. पाया काळपट तपकिरी ठेवा, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने गडद पोलादी रंग हलकेच फिरवा आणि नंतर ६बी पेन्सिलीचे शिसे कागदावर घासून त्याची भुकटी बोटाच्या टोकाने उंचवट्यांवर चोळा. ग्रॅफाइटची ती मंद करडी चकाकी कड्यांना फार शोभते. कड्यांचे चिलखत पत्र्यांपेक्षा नेहमी एक छटा गडद हवे, कारण त्यात अर्धी जागा भोकांची असते. भुकटीला वार्निशचा ब्रश जोराने लागला तर ती निघते, म्हणून ही पायरी मॅट वार्निशनंतर केली तरी चालते.

८. पितळ आणि चामडे

पितळी कडांखाली गडद तपकिरी पाया द्या, त्यावर पितळी रंग, खाचांत सेपियाचा (गडद तपकिरी रंगाचा) पातळ हात आणि उजेडासाठी पितळीत थोडी रुपेरी मिसळून केलेली छटा. पिवळा किंवा पांढरा मिसळला तर पितळ प्लॅस्टिकचे दिसते. चामड्याचे पट्टे आणि बकले बाजूंना व मांड्यांच्या मागे असतात. ते रंगवायचे राहून जातात, म्हणून पुतळा फिरवून तपासा.

९. गंज आणि चिखल

इथे हात आखडता घ्या. ज्याचे प्राण या पत्र्यांवर अवलंबून होते तो ते गंजू देत नसे, त्यामुळे सगळीकडे नारिंगी ठिपके देणे इतिहासालाही धरून नाही आणि डोळ्यांनाही खुपते. गंज द्यायचाच असेल तर बर्न्ट अंबरचा पातळ हात रिव्हेटच्या खाली आणि बिजागरीजवळ, जिथे कापड पोहोचत नाही तिथे, द्यावा. पावलांच्या पत्र्यांवर आणि घोट्यापर्यंत चिखल मात्र हवाच, आणि त्याचा रंग पुतळ्याच्या पायाखालच्या जमिनीशी जुळला पाहिजे.

१०. वार्निश

संपूर्ण पुतळ्यावर मॅट वार्निशचा स्प्रे मारू नका. त्याने पोलादाची चमक एका क्षणात राखेच्या रंगाची होते. कापड, चामडे, चेहरा आणि चिखल यांवर मॅट वार्निश ब्रशने लावा. पत्र्यांवर सॅटिन लावा आणि सरदाराचा पुतळा असेल तर शिरस्त्राण व छातीवर ग्लॉस. धातुरंगासाठी वापरलेल्या ब्रशने वार्निश लावू नये.

पुतळा पायथ्याला धरूनच उचला आणि शक्यतो काचेच्या कपाटात ठेवा. धूळ झटकायला मेकअपचा मऊ ब्रश वापरा. फडक्याने पुसले तर सर्वांत आधी पत्र्यांच्या कडांवरची शेवटची रुपेरी रेघ निघून जाते, आणि तीच पुन्हा जुळवून देणे सर्वांत जिकिरीचे असते.